ज्वर, कामला आणि मूत्राघात : लेप्टोस्पायरोसिसचा विचार

वैजापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. नांदूर मधमेश्वरमधून मोठा विसर्ग झाला की काठच्या शिवारांत पाणी शिरते. ते ओसरल्यावर चिखलात अनवाणी राबणारा शेतकरी आठवड्या-दीड आठवड्याने ज्वर व अंगमर्द घेऊन आपल्या दारी येतो. हा ज्वर सामान्य समजून दिवस दवडल्यास त्याच्या वृक्कांवर घाला येऊ शकतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मि.मी. पाऊस झाला व त्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, हे वाचकांस स्मरत असेल. तेव्हापासून हा विकार शहरातला, असा ग्रह दृढ झाला. वस्तुतः उंदीर, गुरे, डुकरे यांच्या मूत्रातून जंतू ओल्या मातीत उतरतात आणि पायांच्या भेगांतून शरीरात शिरतात. त्यास गोठा आणि उसाचा फड पुरेसा आहे.

पोटऱ्यांत तीव्र वेदना, स्राव नसताना लाल झालेले नेत्र, पुढे कामला, ही लक्षणे बहुतेकांस ज्ञात आहेत. वृक्काघात मात्र फसवा असतो. पुष्कळदा आरंभी मूत्राचे प्रमाण घटत नाही, रक्तातील पोटॅशियमही कमीच असते. क्रिएटिनिन तेवढे चढत राहते. 'लघवी साफ होते ना?' या एका प्रश्नावर विसंबणारा वैद्य येथे चुकतो. आम्हीही पूर्वी विसंबत होतोच.

पुढे मूत्र अल्प झाले की पोटॅशियम साचू लागते. अशा वेळी मूत्राघात म्हणून यवक्षार किंवा श्वेतपर्पटी देणे घातक होय. यवक्षार हा मुख्यत्वे पोटॅशियम कार्बोनेट, तर श्वेतपर्पटीतील सोरा हा पोटॅशियम नायट्रेट; या भाराने हृदयक्रियाच थांबू शकते. औषधालय चालकांनी पावसाळ्यात तापाच्या रुग्णास या वस्तू, तसेच अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, मागताक्षणी देऊ नयेत. तीही वृक्कांस बाधक आहे.

पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडांची तपासणी नकारार्थी येऊ शकते. म्हणून अहवालाची वाट न पाहता संशयावरूनच डॉक्सिसायक्लिन वा पेनिसिलिन सुरू करण्याची रीत आहे. वेळीच डायलिसिस मिळाल्यास बहुतेकांचे वृक्क पुन्हा कार्यक्षम होतात. आपल्या चिकित्सेस खरा वाव त्यानंतरच्या अग्निमांद्यात व दौर्बल्यात आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात रुग्ण धाडताना चिठ्ठीत ज्वराचा दिवस, चिखलपाण्याचा संपर्क आणि आपण दिलेली प्रत्येक औषधी, भस्मांसह, निःसंकोच लिहावी.