वर्गात पोचलेली कविता

छापलेली कविता लपवून वाचता येते. अभ्यासक्रमात लागलेली कविता मात्र शिक्षकाला चारचौघांत मोठ्याने वाचावी लागते, विद्यार्थ्यांना तिच्यावर बोलावं लागतं, परीक्षेत उत्तर लिहावं लागतं. पुरुषाने पुरुषावर केलेल्या प्रेमाची कविता महाराष्ट्रात या दुसऱ्या टप्प्यापर्यंत नेण्याचं काम ज्यांनी केलं, त्यांत आर. राज राव यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. कवी, कथाकार, नाटककार, समीक्षक आणि पुणे विद्यापीठाच्या इंग्रजी विभागातले प्राध्यापक, अशा सगळ्या भूमिका त्यांनी एकाच वेळी निभावल्या. त्यांच्या चार दशकांच्या वाटचालीकडे आज मागे वळून पाहताना, या भूमिका एकमेकींना कशा उपयोगी पडल्या ते जास्त स्पष्ट दिसतं.

हा मागोवा जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरातून घेण्याला कारण आहे. आमच्याकडे कविता आधी कानावर पडते, पुस्तकात नंतर भेटते. संत मुक्ताईचे ताटीचे अभंग इथे बहुतेकांना ऐकून पाठ झालेले असतात. कोथळीहून आषाढीला निघणारी मुक्ताईची पालखी महिनाभर चालून पंढरपूर गाठते आणि त्या वाटेवर शब्द तोंडातोंडी फिरत राहतो. वहीगायन असो, कीर्तन असो की गावातलं कवी संमेलन, चार माणसांसमोर म्हटलेला शब्द गावाचा होतो. जे कधीच मोठ्याने म्हटलं जात नाही, ते गावात नाहीच असं सगळे धरून चालतात. समलैंगिक माणसांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या हेच आलं. म्हणून त्यांच्या बाबतीत कविता मोठ्याने म्हणण्याचं मोल फार आहे.

राव यांचा जन्म 1955 सालचा, मुंबईचा. इंग्रजीत कविता लिहिणाऱ्या मुंबईकरांच्या त्या वर्तुळात निसीम इझिकेल हे ज्येष्ठ नाव. याच इझिकेल यांनी वृंदा नाबर यांच्यासोबत इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या होत्या. पुढे 2000 साली राव यांनी इझिकेल यांचं चरित्र लिहिलं. राव यांचा स्वतःचा कवितासंग्रह ‘स्लाइड शो’ आला 1992 मध्ये. त्या वेळी 1860 सालच्या दंडविधानातलं, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पूर्ण ताकदीनिशी लागू होतं. मुंबईत अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलैंगिकांचं नियतकालिक सुरू केलं होतं. त्यापलीकडे या विषयावर उघड बोलण्याच्या जागा फारशा नव्हत्या. अशा काळात सरकारी पगारावरचा एक प्राध्यापक स्वतःच्या नावाने या कविता छापत होता. नोकरी, बढती, शेजारपाजार, सगळं पणाला लावणारी ही गोष्ट होती.

1996 हे वर्ष या वाटचालीत फार महत्त्वाचं. त्या वर्षी राव यांची नाटकं पुस्तकरूपाने आली, अमेरिकेतल्या आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात त्यांना बोलावणं आलं आणि त्यांच्या कवितांवरून ‘बॉमगे’ हा लघुपट तयार झाला. दिग्दर्शक होते रियाद विंची वाडिया. ‘हंटरवाली’ काढणाऱ्या वाडिया मूव्हीटोनच्या घराण्यातला हा तरुण. अभिनेत्यांत राहुल बोस होते. चित्रपटाची लांबी जेमतेम पाव तासाची, रचना सुट्या सुट्या प्रसंगांची आणि त्या प्रसंगांच्या मुळाशी राव यांचे शब्द. त्यातला एक प्रसंग ग्रंथालयात घडतो. पुस्तकांची कपाटं, जिथे आवाज काढायला मनाई असते अशी ती शांत जागा, आणि तिथे दोन पुरुषांच्या शरीरांची उघड ओढ. ज्ञानाच्या जागेत या प्रेमाला स्थान का नाही, असा थेट प्रश्न तो प्रसंग विचारतो. भारतातला पहिला समलैंगिक चित्रपट म्हणून ‘बॉमगे’चं नाव घेतलं जातं. तो चित्रपटगृहांत लागला नाही. खासगी खेळांतून आणि महोत्सवांतून लोकांपर्यंत गेला. वाडिया 2003 मध्ये अकाली गेले. पण कागदावरच्या कवितेला त्यांनी आवाज आणि शरीर दिलं, हे ऋण मोठं आहे.

त्याच 2003 मध्ये राव यांची ‘द बॉयफ्रेंड’ ही कादंबरी आली. युदी हा सुस्थितीतला मुक्त पत्रकार आणि मिलिंद महाडिक हा दलित तरुण यांची ही गोष्ट, नव्वदीच्या सुरुवातीच्या दंगलग्रस्त मुंबईत घडणारी. प्रेम दोघांचं असलं तरी घर, पैसा आणि इंग्रजी एकाकडेच आहे, हे राव झाकत नाहीत. समलैंगिक असण्याने माणूस जातीबाहेर जात नाही, जात त्याच्या खोलीपर्यंत येते, ही या कादंबरीची खरी पकड आहे. वाचताना अनेक ठिकाणी वाटतं की मिलिंदची बाजू मिलिंदच्या तोंडून यायला हवी होती. ती उणीव खरीच आहे आणि ती पुढे कोणी भरून काढली, हेही या मागोव्यात आलं पाहिजे. 2010 च्या ‘हॉस्टेल रूम 131’ मध्ये राव पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात शिरले. गावोगावची मुलं जिथे पहिल्यांदा घरापासून लांब राहतात, त्या खोल्यांत उगवणाऱ्या प्रेमाची आणि त्यावर होणाऱ्या छळाची ती कथा.

या सगळ्याहून मला मोलाची वाटते ती विद्यापीठातली लढाई. राव यांनी पुणे विद्यापीठात क्विअर अभ्यास मंडळ उभं केलं आणि समलैंगिक साहित्याचा अभ्यासक्रम सुचवला. विद्यापीठाच्या अधिकृत अभ्यास मंडळाने (बोर्ड ऑफ स्टडीज) तो बरीच वर्षं अडवून धरला. भारतीय विद्यार्थ्यांना याची गरज नाही, हा आक्षेप होता. डाव्या विचारांच्या प्राध्यापकांचाही विरोध होता, कारण मार्क्सने या प्रश्नावर काही म्हटलेलं नव्हतं, असं राव यांनी पुढे सांगितलं आहे. शेवटी हा विषय दलित साहित्याला जोडून ‘पर्यायी साहित्य’ या नावाखाली मांडला गेला, तेव्हा कुठे मंजुरी मिळाली. 2007 मध्ये तो शिकवायला सुरुवात झाली. दिल्ली उच्च न्यायालयाचा 377 वरचा निकाल त्यानंतर दोन वर्षांनी, जुलै 2009 मध्ये आला. म्हणजे न्यायालयाच्या आधी वर्गाने या माणसांना माणूस मानलं.

दलित साहित्याला जोडून मंजुरी मिळाल्याचा हा तपशील वरवर प्रशासकीय वाटेल, पण महाराष्ट्राचा साहित्यिक इतिहास त्यात सामावलेला आहे. 1958 च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनापासून आणि 1972 च्या दलित पँथरपासून दलित लेखकांनी एक गोष्ट ठणकावून सांगितली होती : ज्याने भोगलं त्याने ते स्वतःच्या भाषेत सांगावं आणि साहित्याने त्याला जागा द्यावी. ती जागा त्यांनी शिव्या खाऊन, वाद अंगावर घेऊन मिळवली. समलैंगिक साहित्य विद्यापीठात आलं ते त्याच जागेच्या आधाराने. आधीच्यांनी पाट काढला आणि मागच्यांच्या वावराला पाणी मिळालं, असंच हे झालं.

मराठीत या विषयाला रंगभूमीने आधीच हात घातला होता. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 चं. चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’मध्ये, आपला मुलगा समलैंगिक आहे हे समजलेली आई प्रेक्षकांशी बोलते, मोना आंबेगावकर यांनी ते ठिकठिकाणी सादर केलं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट उभारला आणि या विषयावर मराठीत सातत्याने लिहिलं. आणि मग आल्या दिशा पिंकी शेख. ‘कुरूप’ या संग्रहाच्या या पारलिंगी कवयित्री आपली कविता मंचावर उभं राहून, प्रेक्षकांच्या डोळ्यांत बघत म्हणतात. आंबेडकरी विचारांच्या वंचित बहुजन आघाडीने त्यांना प्रवक्तेपद दिलं. त्याच पक्षाने 2024 मध्ये आमच्या शेजारच्या रावेर विधानसभा मतदारसंघात फैजपूरच्या शमिभा पाटील या पारलिंगी कार्यकर्तीला उमेदवारी दिली. आंबेडकरी चळवळीने इथेही जागा करून दिली, हा योगायोग नाही. मिलिंद महाडिकच्या वाट्याला जो आवाज आला नव्हता, तो मराठीत आता स्वतःचं नाव सांगून बोलू लागला आहे.

राव यांचं लेखन इंग्रजीत आहे, त्यामुळे ते आमच्या भागात फार थोड्यांपर्यंत पोचलं. पण त्यांनी विद्यापीठात पाडलेला पायंडा भाषेच्या पलीकडचा आहे. 1990 पर्यंत जळगाव जिल्ह्यातली महाविद्यालयं पुणे विद्यापीठालाच जोडलेली होती. त्या वर्षी आपलं वेगळं विद्यापीठ झालं आणि 2018 मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. त्याच वर्षी 6 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना 377 मधून मोकळं केलं. अक्षरओळख नसलेल्या, घरोट्यावर बसून ओव्या रचणाऱ्या बाईचं नाव ज्या विद्यापीठावर आहे, त्याच्या वर्गांत कोणाचाही बोललेला शब्द परका ठरू नये.

कायद्याने भीती कमी केली, पण घरातलं मौन कायद्याने मोडत नाही. ते कवितेने, नाटकाने, वर्गातल्या चर्चेने मोडतं. त्यासाठी आमच्या कवी संमेलनांच्या आयोजकांनी निमंत्रणांच्या यादीत अशा कवींची नावं घालावीत, मराठीच्या प्राध्यापकांनी ‘कुरूप’ वर्गात मोठ्याने वाचावं आणि लेवा गणबोलीत, अहिराणीत कोणी पोरगा किंवा पोरगी आपल्या प्रेमाची कविता घेऊन उभी राहिली, तर समोरच्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घ्यावी. पुण्याच्या एका विभागात मंजुरीसाठी वर्षानुवर्षं भांडलेल्या प्राध्यापकाच्या कामाचा पुढचा भाग हा आहे आणि तो आपल्याला करायचा आहे.