नातवाची पाल

मैत्रिणींनो, पाल दिसली की तुम्ही काय करता? मी आधी दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवते, मग केरसुणी शोधते आणि मग ओरडते. मोरपिसं लावून झाली, खिडकीत अंड्याची टरफलं ठेवून झाली. अंगावर पाल पडली तर पंचांग उघडणाऱ्या घरातली मी. तर अशा मला गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सीला लेकीच्या दारात पाऊल टाकल्याबरोबर नातवाने सांगितलं, "आजी, आपण एक पाल दत्तक घेतलीय!"

अगबाई! चपला काढायच्या आत परत फिरावंसं वाटलं. पण बाहेर गुडघाभर बर्फ.

तिकडे लोकांना नकोसे झालेले प्राणी सांभाळणारी केंद्रं असतात, तिथून ही आणलेली. लेपर्ड गेको तिचं नाव. वीतभर लांब, पिवळी, अंगभर काळे ठिपके. नातवाने नाव ठेवलं बुंदी. पहिल्या दिवशी मी दारातूनच बघितलं. तेव्हा त्याने समजावलं, की हिच्या बोटांना आपल्या घरातल्या पालीसारख्या चिकट गाद्या नसतात, त्यामुळे ती भिंतीवर चढूच शकत नाही. माझा निम्मा जीव भांड्यात पडला. उरलेला निम्मा तिच्या डोळ्यांनी पाडला. आपल्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. चक्क डोळे मिटून झोपते आणि जागी झाली की पापण्या उघडून बघते.

ही जात मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्येकडच्या कोरड्या, खडकाळ भागातली. हिची एक चुलतबहीण गुजरातेत आणि आपल्या महाराष्ट्रातही रानात सापडते. लोक तिला विषारी समजून ठेचतात. विष मुळीच नसतं हो तिला! तिला मारू नये आणि हौस म्हणून धरून घरीही आणू नये. तिकडे पाळतात त्या पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या घरात जन्मलेल्या असतात.

लेक-जावई कामावर, नातू शाळेत. दिवसभर घरात मी आणि बुंदी. ती दिवसा झोपणारी, त्यामुळे आमचं बरं जमलं. पण नातवाचं जमेना. शाळेतून आला की दप्तर टाकून हात थेट काचेच्या पेटीत. बुंदी लपायची ती दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर येत नसे. खातही नव्हती. तीन दिवस, चार दिवस. "तिला मी आवडत नाही," म्हणून पोरगं रडायला लागलं आणि लेक म्हणाली, "परत देऊन टाकू."

आता माझी चूक सांगते. पाचव्या दिवशी पेटीची काच पुसताना हाताला गार लागली. या प्राण्याचं अंग स्वतः गरम राहत नाही. पेटीची एक बाजू ३२ अंशांच्या आसपास ऊबदार आणि दुसरी २५च्या आसपास लागते. ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही. व्हॅक्यूम फिरवताना त्या ऊबेच्या गादीचा प्लग मीच काढला होता आणि परत लावायला विसरले होते! केव्हापासून, देव जाणे. संध्याकाळी नातवाला कबूल केलं. तो रागावला नाही, पण माझ्याकडे नुसतं बघितलं त्याने. ते रागावण्यापेक्षा वाईट.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, शेपूट बघा. लपायची जागा, पाणी आणि ऊब द्या आणि आठवडाभर हात लावू नका. हिची जाड शेपूट म्हणजे हिची कणगी. चरबी तिथे साठवलेली असते, शेपूट भरलेली आहे तोवर थोडे दिवसांचा उपास चालतो. घाबरवून पकडलंत तर ती शेपूट टाकून देईल. नवी येते, पण बोथट आणि पहिलीच्या रूपाची नाही. मी मनात म्हटलं, नव्या सुनेलासुद्धा पहिल्या आठवड्यात एवढी मोकळीक मिळाली असती तर!

बुंदीच्या मागच्या पायाची दोन बोटं तोकडी आहेत. कात टाकताना बोटांवर राहिलेली कातडी कोणी काढली नाही, ती आवळली आणि टोकं गळून पडली. म्हणून पेटीत एक झाकणाची डबी, तिला एक भोक आणि आत ओलं फडकं. कात टाकायच्या वेळी ती आपली आपण जाऊन बसते. काढलेली कात खाऊनही टाकते, वाया काही घालवत नाही. आणि नंबर दोनला पेटीतला एकच कोपरा! आपली मुलं हे शिकायला किती वेळ घेतात ते आठवा.

खाणं मात्र जिवंत किडे. फ्रिजमध्ये माझ्या तुपाच्या बरणीशेजारी अळ्यांचा डबा! तो मी खालच्या कप्प्यात हलवायला लावला. अळ्या कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून द्यायच्या, नाहीतर हाडं मऊ पडून वाकतात. आणि बायांनो, प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचेच. यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. तिची भांडी स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये नाहीत आणि घासणी वेगळी. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर हा नादच नको.

नवव्या रात्री दिवे मंद करून आम्ही दोघं गुपचूप बसलो होतो. नातवाने चिमट्यात अळी धरली. बुंदी बाहेर आली, मांजरासारखी दबकली, शेपटीचं टोक थरथर हललं आणि गट्टम! पोरगं ओरडलं नाही, माझा हात तेवढा घट्ट धरला.

पुढचे पंधरा दिवस रोज तो आपला तळवा पेटीत उताणा ठेवून नुसता बसायचा. वरून झडप घालायची नाही, कारण वरून येतो तो शत्रू, हे तिला उपजत माहीत. एकदा आली, बोटाला जीभ लावून वास घेतला, परत गेली. चार दिवसांनी चढली. ओळख झाली म्हणायची. माया वगैरे तिला कळते असं मी म्हणणार नाही. भीती गेली एवढं खरं.

निघायच्या आदल्या रात्री नातू म्हणाला, "आजी, तू पण." मी हात ठेवला. पोट मऊ, नखं बारीक, अंग माझ्या हातापेक्षा गार. उजवा हात होता. पंचांगात त्याचं फळ काय ते मी अजून बघितलेलं नाही.

या पाली नीट सांभाळल्या तर १५-२० वर्षं जगतात. नातू १० वर्षांचा आहे. लेकीने हिशेब केलाय आणि आत्तापासून म्हणतेय, "आई, हा कॉलेजला गेला की तू ये हं बुंदीला बघायला."