परळची एक प्रयोगशाळा

परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात, बहुमजली इमारतीच्या तेराव्या मजल्यावर, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी' ही संस्था आहे. १९५७ साली ती रक्तगटांचे संदर्भ-केंद्र म्हणून स्थापन झाली, आणि ज्या शहरात १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट शोधून काढला, तेथेच ते केंद्र उभे राहावे हे उचितच झाले.

तेथील ज्या कार्याचा परिचय करून द्यावासा वाटतो ते मात्र निराळे आहे: जनुकदोषामुळे ज्यांची रोगप्रतिकारशक्ती जन्मतःच पंगू आहे अशा बालकांचे निदान. आपल्याकडे जन्मल्याबरोबर बीसीजी टोचतात. परंतु ज्या अर्भकाच्या रक्तात टी-पेशीच नाहीत, त्याच्या देहात लसीतला दुर्बळ केलेला जंतूही मोकाट पसरतो, आणि काखेतली गाठ, न हटणारा न्यूमोनिया, जुलाब ही लक्षणे निरनिराळ्या दवाखान्यांत सुटीसुटी पाहिली जाऊन मूळ व्याधी नजरेआड राहते. वास्तविक पहिला इशारा साध्या रक्ततपासणीच्या कागदावरच असतो. तान्ह्या मुलाच्या एका घन मिलिमीटर रक्तात तीन हजारांहून कमी लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) आढळले असता, मोठ्या माणसाच्या हिशेबाने तो आकडा ठीक समजून सोडून देणे मला अक्षम्य वाटते.

पुढचा तपास फ्लो सायटोमीटर हे यंत्र करते. त्यातील सर्वांत विलक्षण परीक्षा क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस रोगाची. या रोगात पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात, पण मारू शकत नाहीत. डायहायड्रोऱ्होडामीन घालून त्यांना उत्तेजित केले असता निरोगी पेशी लेझरच्या झोतात चकाकतात, रुग्णाच्या निस्तेज राहतात, आणि दोष एक्स गुणसूत्रावरचा असेल तर बहुधा आईच्या रक्तात दोन्ही जमाती शेजारी शेजारी दिसून मुलाच्या निदानाला आईचा दाखला मिळतो. रक्त शिळे झाले की या पेशी निकामी होतात. म्हणून अशा परीक्षेसाठी परगावाहून नमुना पाठविताना सोबत निरोगी माणसाचेही रक्त धाडावे लागते, म्हणजे प्रवासाचा दोष मुलाच्या माथी येत नाही.

एवढी निकड का? टी-पेशींच्या तीव्र अभावात वयाच्या साडेतीन महिन्यांच्या आत मूलपेशींचे रोपण झालेल्या मुलांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक वाचतात, असा अमेरिकेतील अनुभव आहे. तेथील विस्कॉन्सिन राज्याने २००८ पासून नवजातांच्या टाचेतील रक्ताच्या वाळलेल्या थेंबावर टी-पेशींच्या अभावाची चाचणी सुरू केली. आपल्याकडे ती सार्वत्रिक नाही, आणि अनेक घरांत पहिले मूल दगावल्यावरच चौकशीला आरंभ होतो. जनुकातील नेमका दोष दप्तरी नोंदला गेला असेल, तर पुढच्या गर्भारपणात तिसऱ्या महिन्यातच वारेचा सूक्ष्म अंश काढून गर्भाचा तपास करता येतो.