पडलेला पाऊस आणि नोंदलेला पाऊस

जुलैतल्या एखाद्या रात्री तेल्हारा किंवा दर्यापूरकडे आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो. सकाळी कास्तकार वावरात जातो, तर धुरा फुटलेला, सोयाबीन आडवं झालेलं, पऱ्हाटीच्या तासांत गुडघाभर पाणी. मदतीची चौकशी करायला तो तलाठ्याकडे जातो, तेव्हा कळतं की मंडळात पासष्ट भरलेच नाहीत. संध्याकाळी पारावर एकच वाक्य फिरतं, ‘पाऊस तं पडला राजेहो, पण मापात नाई आला.’

सरकारी हिशेबात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी. तो मोजतं महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यातल्या दोन हजारांहून अधिक मंडळांत अशी केंद्रं उभी राहिली. जाळीचं कुंपण, मधे खांब, खांबावर वारा मोजणाऱ्या फिरत्या वाट्या, एक सौरपट्टी आणि बाजूला पावसासाठी नरसाळं. खरी करामत नरसाळ्याच्या पोटात असते. तिथे दोन चिमुकल्या वाट्या मुलांच्या सीसॉसारख्या एका आसावर तोललेल्या असतात. एक भरली की झुकून रिकामी होते आणि दुसरी धारेखाली येते. प्रत्येक झुकण्याबरोबर एक चुंबक खटक्याजवळून सरकतं आणि विजेचा एक ठोका नोंदला जातो. यंत्राच्या घडणीप्रमाणे एक ठोका म्हणजे ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर पाऊस. ठोक्यांची बेरीज सिमकार्डावरून मुख्य संगणकाकडे जाते.

पद्धत साधी आणि चांगली आहे, पण तिला खोडी आहेत. मुसळधार पावसात वाटी झुकत असते त्या क्षणी पडणारं थोडं पाणी हिशेबात येत नाही. नरसाळ्यात पालापाचोळा किंवा पक्ष्याची घाण अडकली, तर पाणी थेंबाथेंबाने उतरतं आणि जोर वाढला की काठावरून सांडतं. सोसाट्याचा वारा सुटला तर तिरपे थेंब नरसाळ्याला टाळून पुढे जातात. कास्तकाराच्या दृष्टीने वाईट गोष्ट अशी, की या तिन्ही चुका पाऊस कमी दाखवणाऱ्या आहेत.

आता जागेचा हिशेब करू. राज्याचं क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर. ते मंडळांमध्ये वाटलं तर एका केंद्राच्या वाट्याला सरासरी दीडशे चौरस किलोमीटर येतात. नरसाळ्याचं तोंड २० सेंटिमीटर व्यासाचं धरलं, तर ते ज्या शिवाराच्या वतीने साक्ष देतं ते त्याच्यापेक्षा सुमारे ४८० कोटी पटींनी मोठं आहे. पाऊस सगळीकडे सारखा पडला असता तर हेही चाललं असतं. पण दुपारच्या उकाड्यातून उभा वाढणारा ढग काही किलोमीटर रुंदीचाच असतो. तो एका गावाला झोडपतो आणि शेजारच्या गावात नुसता वारा सोडतो. बैलाचं एक शिंग भिजतं नि दुसरं कोरडं राहतं, हे म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं हवामानशास्त्राला धरूनच आहे.

शिवाय घड्याळ आहेच. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. पहाटे सहापासून अकरापर्यंत सलग ८० मिलिमीटर पाऊस झाला आणि साडेआठच्या अलीकडे-पलीकडे तो निम्मानिम्मा वाटला गेला, तर कागदावर ४०-४० मिलिमीटरचे दोन साधे पावसाळी दिवस दिसतात. वावराने मात्र ८० मिलिमीटर एका दमात सोसलेले असतात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ‘विंड्स’ योजनेत ग्रामपंचायतीच्या पातळीवर पर्जन्यमापक बसवायचं ठरलं आहे. ते काम नीट झालं तर दीडशेचा आकडा बराच खाली येईल. तोवर गावातल्या शाळेने सरळ बाजूंचा एक डबा उघड्यावर ठेवून रोज साडेआठला पट्टीने पाणी मोजायला काय हरकत आहे? सरकार ती नोंद मानणार नाही, पण यंत्राला प्रश्न विचारायला ती पुरेशी आहे.

तंत्रज्ञानाने रोजचं जगणं बदललं, असं म्हटलं की आपल्याला व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि मोबाइलात मान घालून बसलेली पोरं आठवतात. वऱ्हाडात झालेला मोठा बदल मला दुसराच वाटतो. पूर्वी नुकसान ठरायचं ते नजरेने. नजरअंदाज पैसेवारी हा शब्दच मुळी नजरेवर बेतलेला, आणि ती पद्धत आजही चालू आहे. त्या नजरेला भीड होती, राजकारण होतं, चहापाणी होतं. पण तिला हाताला धरून धुऱ्यावर नेता येत होतं. आता अधिकाधिक निर्णय आकड्यांवर होतात. आकडा लाच खात नाही आणि गयावयाही ऐकत नाही. मी आकड्याच्या बाजूचा आहे. मात्र जो आकडा साक्ष देणार, त्याची उलटतपासणी घेता आली पाहिजे, आणि त्यासाठी यंत्राला काय दिसतं, काय दिसत नाही, हे ज्याचं वावर त्याला ठाऊक हवं.

ई-पीक पाहणीचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात कास्तकाराने स्वतःच आपलं पीक मोबाइलवर नोंदवायची पद्धत सुरू झाली. ॲप उघडायचं, गट क्रमांक निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, उभ्या पिकाचा फोटो काढायचा. हे सगळं वावरात उभं राहून, म्हणजे भर पावसाळ्यात पांदण रस्त्याचा चिखल तुडवून. काळ्या मातीत एकदा पाय रुतला की चप्पल तिथेच राहते, हे ॲप बनवणाऱ्यांना कुणी सांगितलं होतं की नाही कोण जाणे. आणि तिथवर पोचल्यावर पडदा म्हणतो, तुम्ही निवडलेल्या गटाच्या बाहेर आहात!

मोबाइलला आपण कुठे उभे आहोत हे कळतं ते वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांमुळे. प्रत्येक उपग्रह सतत आपली वेळ सांगत असतो. तो संदेश जमिनीवर यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. चार उपग्रहांचे संदेश किती उशिराने आले, यावरून मोबाइल त्यांची अंतरं आणि मग स्वतःची जागा काढतो. इथे वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तर जागेत ३०० मीटरची होते. उपग्रहावरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. ही आइन्स्टाइनच्या सापेक्षतेची किमया. ती दुरुस्त केली नाही तर दिवसाअखेर चूक अकरा किलोमीटरच्या घरात जाईल. अकोटच्या वावरात उभ्या माणसाचा सातबारा असा आइन्स्टाइनच्या गणिताला बांधलेला आहे.

उघड्या आभाळाखाली साध्या मोबाइलची चूक पाचेक मीटरची असते. निंबाखाली किंवा गोठ्याच्या पत्र्याखाली ती वाढते. दुसरी अडचण नकाशाची आहे. गटांचे जुने नकाशे साखळीने मोजून कागदावर काढलेले होते. ते संगणकात आणून उपग्रहाच्या नकाशावर बसवताना काही ठिकाणी सरकतात. म्हणून धुऱ्यालगत उभा असलेला माणूस शेजाऱ्याच्या गटात दिसू शकतो. यावर उपाय साधा आहे: वावराच्या मधोमध, मोकळ्या जागी उभं राहायचं आणि मिनिटभर थांबायचं. जागा कळायला टॉवरची रेंज लागत नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं. उपग्रहाचा संदेश मोबाइल फक्त ऐकतो. रेंज लागते ती नोंद पुढे पाठवायला, आणि ते काम गावात आल्यावरही करता येतं.

पावसाळ्यात काढलेल्या त्या फोटोची किंमत हिवाळ्यात कळते. २०२५-२६ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा तर आधी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागते, आणि त्या नोंदणीला पिकाच्या नोंदीचा आधार लागतो. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. तो पूर्ण मिळायला कापसातला ओलावा ८ टक्क्यांच्या आत हवा. त्यापुढे दर टक्क्याला भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर खरेदीच होत नाही.

म्हणजे खरेदी केंद्रावर पुन्हा एका यंत्राशी गाठ पडते. कापसात खुपसलेल्या त्या मीटरला खरं तर पाणी दिसत नाही, त्याला विजेचा विरोध दिसतो. कोरडा कापूस वीज जवळजवळ वाहू देत नाही. ओलावा वाढला की विरोध भराभर घसरतो आणि त्यावरून मीटर टक्के सांगतं. गडबड अशी, की कापूस किती दाबलेला आहे आणि किती गरम आहे यावरही विरोध बदलतो. गाडीच्या तळाशी चेपलेला कापूस आणि वरचा भुसभुशीत कापूस यांचे आकडे वेगळे येतात. पहाटेच्या दवात वेचलेला आणि दुपारच्या उन्हात वेचलेला कापूस तर वेगळाच. एकाच जागचा आकडा निमूटपणे मान्य करू नये. तीन-चार ठिकाणी लावून सरासरी काढा म्हणावं. त्यात उद्धटपणा काही नाही, मोजमापाची ती रीतच आहे.

दुरून आलेल्या आकड्याने कापसाचं नशीब ठरणं वऱ्हाडाला नवं नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडी कापसाकडे वळली. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावचा रेल्वेफाटा सुरू करायला आले. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. त्याच वर्षी समुद्राखालची तार मुंबईला जोडली गेली आणि लिव्हरपूलचा भाव इथे पोचायला लागणारा वेळ दिवसा-आठवड्यांवरून तासांवर आला. तो भाव आधी कळायचा अडत्याला, दलालाला. बंडी घेऊन आलेल्या कास्तकाराला ते सांगतील तोच भाव. आज बाजारसमितीचे भाव प्रत्येकाच्या खिशात आहेत, एवढा फरक नक्कीच पडला. तो लहान नाही.

पण खिशातल्या मोबाइलला रेंज हवी. परतवाड्यावरून धारणीच्या रस्त्याला लागलं की सेमाडोहच्या आधीच ती दगा देऊ लागते. यात कंपन्यांचा आळस आहे, तसं भौतिकशास्त्रही आहे. २,१०० मेगाहर्ट्झच्या लहरींची लांबी १४ सेंटिमीटर असते, ७०० मेगाहर्ट्झच्या लहरींची ४३. लांब लहर डोंगराच्या कडेवरून थोडी अधिक वळते आणि सागाच्या पानोळ्यातून कमी शोषली जाते. आखूड लहर डोंगराआड सावली टाकते, आणि पावसात भिजलेली पानं तिला आणखी गिळतात. म्हणून मेळघाटासारख्या भागाला ७०० चा पट्टा सोयीचा. पण टॉवर उभा करायचा तर वीज हवी, त्याला मागून जोडणारी केबल किंवा दुसऱ्या टॉवरशी सरळ नजरभेट हवी, आणि व्याघ्रप्रकल्पात परवानग्या हव्यात.

याच रस्त्यावरचं हरिसाल २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या प्रकल्पातून ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर गाजलं. दूरस्थ वैद्यकीय सल्ला, संगणकावर शाळा, गावात इंटरनेट. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी सभेच्या पडद्यावर त्याच हरिसालचे व्हिडिओ लावून दाव्यांची चिरफाड केली आणि सरकारपक्षाने उत्तरादाखल आपली बाजू मांडली. त्या वादात कोण किती खरं, यापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. एका गावात उपकरणं नेऊन बसवणं सोपं. ती पाचव्या पावसाळ्यातही चालू ठेवणं, बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस जवळ असणं, हे अवघड, आणि त्याचे फोटो कुणी काढत नाही.

शाळेतही तेच. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले, २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा धडे मोबाइलवर आले. मेळघाटातल्या कोरकू मुलापुढे मात्र दोन डोंगर होते. एक रेंज अडवणारा, दुसरा भाषेचा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. घरी कोरकू बोलणाऱ्या पहिलीतल्या पोराला मराठी व्हिडिओ दाखवायचा, तर शेजारी समजावणारं माणूस लागतंच. राज्याच्या कृषी विभागाचं ‘महाविस्तार’ ॲप २०२५ पासून मराठीत विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देतं. हे चांगलंच आहे. पण यंत्राला बोली समजते ती त्याने ऐकलेल्या नमुन्यांवरून, आणि ‘मले’, ‘काऊन’ म्हणणाऱ्या बाईचा आवाज त्या नमुन्यांत पुरेसा नसेल तर चूक होणार ती तिच्याच वाट्याला.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेचा इशारा देतं. वीज कडाडली की तिचा रेडिओ-ठोका वेगवेगळ्या संवेदकांवर किंचित वेगळ्या वेळी पोचतो आणि त्या फरकावरून तिची जागा निघते. उपग्रहांचंच गणित, उलट्या दिशेने केलेलं. रानात गुरं चारणाऱ्याला त्याची सर्वांत जास्त गरज, आणि इशारा पोचत नाही तोही त्यालाच.

म्हणून मुंबई-पुण्यात बसून असली ॲप बनवणाऱ्यांना एकच विनंती. नवं ॲप राज्यभर सक्तीचं करण्याआधी जुलैतला एक आठवडा हरिसालच्या पुढच्या एखाद्या गावात ते वापरून बघा, तिथल्याच माणसाच्या हातून आणि तिथल्याच मोबाइलवर. तिथे चाललं तर कुठेही चालेल. तिथे अडलं, तर मुदत पुढे ढकला आणि तोवर कागदावरचा अर्ज घ्या.