ताऱ्याचे भवितव्य ठरविणारा इलेक्ट्रॉनचा नियम

इलेक्ट्रॉनसारख्या अतिसूक्ष्म कणांचे नियम सांगणारी पुंजभौतिकी आणि तारे व विश्व यांचा वेध घेणारे खगोलशास्त्र हे विषय वरकरणी परस्परांपासून दूरचे वाटतात. मात्र विद्यापीठातील प्रारंभिक अभ्यासक्रमातच त्यांची सांगड घातली जाते, कारण ताऱ्याचे जगणे आणि मरणे या दोन्ही गोष्टी पुंजभौतिकीच्या नियमांवर अवलंबून असतात.

सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस आहे. तरीही दोन प्रोटॉनमधील विद्युत प्रतिकर्षणावर मात करण्यास, जुन्या भौतिकशास्त्राच्या हिशेबाने, ही उष्णता अपुरी पडते. पुंजभौतिकीनुसार मात्र असा अडथळा भेदून पलीकडे जाण्याची अल्पशी शक्यता कणाला असते. या शक्यतेमुळेच हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते आणि सूर्य तळपत राहतो.

इंधन संपल्यावर गुरुत्वाकर्षण ताऱ्याच्या गाभ्याला आत दाबू लागते. या टप्प्यावर वोल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये मांडलेला नियम महत्त्वाचा ठरतो. दोन इलेक्ट्रॉन एकाच पुंजअवस्थेत राहू शकत नाहीत, असे हा नियम सांगतो. त्यातून निर्माण होणारा दाब उष्णतेवर अवलंबून नसतो. म्हणून थंड होत जाणारा ‘श्वेत बटू’ तारा कोसळत नाही. साधारणतः सूर्याएवढे वस्तुमान अशा ताऱ्यात पृथ्वीएवढ्या आकारात सामावलेले असते.

या दाबालाही मर्यादा आहे का? १९३० मध्ये उच्च शिक्षणासाठी मुंबईहून जहाजाने निघालेल्या १९ वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी प्रवासात याचे गणित मांडले. वस्तुमान वाढते तसा इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचतो आणि त्यांचा दाब गुरुत्वाकर्षणापुढे अपुरा पडतो. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाची ही सीमा ‘चंद्रशेखर मर्यादा’ म्हणून ओळखली जाते. ती ओलांडणारा गाभा कोसळून न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर बनू शकतो.

जानेवारी १९३५ मध्ये लंडन येथे ख्यातनाम शास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी हा निष्कर्ष जाहीरपणे अमान्य केला. मात्र पुढील संशोधनाने चंद्रशेखर यांचे गणित खरे ठरविले. ताऱ्यांची रचना आणि उत्क्रांती यांविषयीच्या सैद्धांतिक कार्यासाठी त्यांना १९८३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या मर्यादेचा संबंध विश्वाच्या मोजमापाशीही आहे. जोडीदार ताऱ्याकडून द्रव्य ओढून घेणारा श्वेत बटू या सीमेजवळ पोहोचला, की त्याचा प्रचंड स्फोट होऊ शकतो. ‘एक-ए’ प्रकारच्या अशा स्फोटांची मूळ तेजस्विता निश्चित करता येत असल्याने, ते किती मंद दिसतात यावरून दूरच्या दीर्घिकांचे अंतर काढता येते. याच पद्धतीने दोन संशोधक गटांनी १९९८ मध्ये विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे दाखविले. या शोधाला २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या वाढत्या वेगाच्या कारणाला ‘कृष्ण ऊर्जा’ असे नाव देण्यात आले आहे. तिचे स्वरूप मात्र अद्याप उलगडलेले नाही. इलेक्ट्रॉनच्या नियमापासून सुरू होणारा हा अभ्यासक्रम विद्यार्थ्याला या अनुत्तरित प्रश्नापर्यंत आणून सोडतो.