पोच मिळाली का?

'प्रोटोकॉल' हा शब्द आपल्या घरांत शिरला तो मंत्र्यांच्या दौऱ्यांच्या बातम्यांतून. कोणी कुठे बसायचे, हार आधी कोणाला घालायचा, याला सरकारी मराठीत 'राजशिष्टाचार' म्हणतात. त्यामुळे संगणक शिकणाऱ्या नातवाच्या तोंडून तो ऐकला, की आजोबांना वाटते, हे काहीतरी दिल्लीदरबारचे प्रकरण. तसा तिथेही शिष्टाचारच आहे. फक्त तो दोन यंत्रांनी पाळायचा. आधी कोणी बोलायचे, ऐकू आले नाही तर काय करायचे, निरोप कसा घ्यायचा.

बँकेत हयात गेल्यामुळे मला यातला एक शब्द फार जवळचा वाटतो : 'ॲक्नॉलेजमेंट'. म्हणजे आपली पोच. पोचेविना गेलेल्या पत्राची किंमत काय, ते आवक-जावकच्या कारकुनाला विचारावे! इंटरनेटवरच्या टीसीपी या नियमावलीचा सारा डोलारा या पोचेवर उभा आहे. बोलणे सुरू करताना पहिले यंत्र म्हणते, 'मी अमुक आकड्यापासून मोजतो.' दुसरे म्हणते, 'तुमचा आकडा पोचला, माझा हा घ्या.' पहिले उत्तर देते, 'तुमचाही पोचला.' या तीन वाक्यांना 'हँडशेक' म्हणतात. पुढे बाइटन् बाइट मोजला जातो, आणि ठरल्या वेळात पोच आली नाही तर तोच मजकूर पुन्हा रवाना होतो. १९८०ची यूडीपी ही नियमावली मात्र पोस्टकार्डासारखी. पेटीत टाकले, विषय संपला. व्हिडिओ कॉलला तेच बरे पडते. हरवलेला शब्द दोन सेकंदांनी आणून दिला तर त्याचा काय उपयोग?

ही नावे ठेवणारी माणसे मोठी विचारी. संदेशाच्या तुकड्याला 'पॅकेट' म्हणावे असे ब्रिटनच्या डोनाल्ड डेव्हिस यांच्या मनात १९६०च्या दशकात आले, तेव्हा परभाषांत तो शब्द जाईल ना, हे त्यांनी भाषातज्ज्ञाला विचारून घेतले. (मराठीत तर तो चहापत्तीबरोबर कधीच येऊन बसला होता.) अमेरिकेत स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने ७ एप्रिल १९६९ चे पहिले टिपण लिहिले ते मित्रांची झोपमोड नको म्हणून रात्री न्हाणीघरात बसून. वडीलधारे तज्ज्ञ रागावतील या धास्तीने त्याने मथळा दिला, 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स' : अभिप्राय कळवावा. त्याच विनम्र मथळ्याखाली अशी नऊ हजारांहून अधिक टिपणे निघाली आणि इंटरनेटचे कायदे होऊन बसली. समोरचे यंत्र जागे आहे का, हे पाहणाऱ्या 'पिंग'ला माइक मूस यांनी १९८३ साली नाव दिले ते पाणबुडी हुडकणाऱ्या सोनारच्या आवाजावरून.

आपण परिभाषा करायला बसलो, की आधी संस्कृत कोश उघडतो. मराठी शाळेतून आलेला मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला इंग्रजीपुढे बुजतो. त्याला आधार म्हणून मराठी द्यावे, तर तिथे 'अभिस्वीकृती' आ वासून उभी. विषय आपल्या आवाक्यातला नाही, असे तो धरून चालतो. मला याचा राग येतो. सगळेच शब्द मराठी करा, असे मी म्हणत नाही. 'पॅकेट' खुशाल पॅकेटच राहू द्या. पण मुंबईहून गावी धाडलेल्या मनिऑर्डरींच्या पोचा त्याच मुलाच्या आजोबांनी वर्षानुवर्षे तारेला टोचून जपल्या होत्या, आणि एखाद्या महिन्याची पोच आली नाही तर दुसऱ्या दिवशी ते पोस्टाच्या खिडकीवर उभे असत.