गाळाखालचे उपळे (लेखांक ६)

मागच्या लेखांकात एक प्रश्न उरला होता. कारखान्याचं विष तळ्याच्या गाळात बसलेलंच आहे, तर त्यावर फूटभर वाळू पसरून मोकळं का होऊ नये?

कोकणातल्या शेतकऱ्याला याचं उत्तर ठाऊक असतं. पावसाने जोर धरला की बांधाच्या पायथ्याशी, कधी थेट घरातल्या जमिनीतूनही उपळे फुटतात. तळ्याच्या तळाशीही असे उपळे असतात, वर पाणी असल्यामुळे ते दिसत नाहीत इतकंच. भोवतालची भूजलपातळी तळ्यापेक्षा उंच असली की पाणी गाळातून वर येतं, बहुधा काठालगत सर्वांत जास्त. कारखान्याची घाणही काठालाच सोडलेली असते.

हे मोजण्याचं डेव्हिड ली यांनी १९७७मध्ये मांडलेलं साधन म्हणजे पत्र्याच्या पिंपाचा कापलेला तुकडा. तो गाळात पालथा रुतवायचा आणि वरच्या भोकाला थोडं पाणी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. पिशवी फुगली तर पाणी वर येतंय, आकसली तर खाली जिरतंय. भंगारातून उभं राहिलेलं असं विज्ञान मला फार आवडतं.

समजा, दिवसाला एक सेंटिमीटर पाणी वर येतं. म्हणजे चौरस मीटरमागे रोज दहा लिटर. वाळूत चाळीस टक्के पोकळी धरली, तर तीस सेंटिमीटरचा थर हे पाणी बारा दिवसांत पार करतं. पाणी स्थिर असतं, तर विरघळलेल्या रेणूंना तेवढ्याच अंतरासाठी वर्षं लागली असती. गाळाच्या कणांना चिकटणारी विषं मागे रेंगाळतात, पण त्यांचीही वाट वरचीच.

न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज शहरालगत ओनोंडागा तळं आहे. तिथे १९४० साली पोहण्यावर आणि १९७० साली मासेमारीवर बंदी आली. १९४६ ते १९७० या काळात त्यात सुमारे ७५ टन पारा गेला. शिवाय काठावर सोडा कारखान्याच्या चुनखट कचऱ्याचे ढीग. त्यांतून झिरपणारं भूजल इतकं अल्कधर्मी, की विषारी रसायनं पचवणारे जिवाणू त्यात तगत नाहीत.

म्हणून तिथे काम तळ्याऐवजी काठावर सुरू झालं. किनाऱ्यालगत जमिनीत पोलादी भिंत उतरवली आणि तिच्यामागे अडणारं भूजल उपसून शुद्ध करायला घेतलं. गाळ उपसला तो त्यानंतर, २०१२ ते २०१४मध्ये. वाळूच्या आच्छादनातही विष धरून ठेवायला सक्रिय कोळसा आणि अल्कधर्मीपणा मारायला सिडेराइट हे लोहखनिज मिसळलं. आच्छादन २०१६मध्ये पुरं झालं. भिंतीमागचा उपसा मात्र थांबवून चालत नाही. पंप बंद पडले, तर पाणी पुन्हा तळ्याकडे वळेल.

पिशवी आकसते, तेव्हा गोष्ट उलटी होते: नदीतली घाण काठच्या विहिरीत उतरते. ते पुढच्या आठवड्यात. तुमच्या गावात नदीकाठच्या विहिरीच्या पाण्याची चव बदलत असेल, तर कोणत्या महिन्यात बदलते तेवढं पाहून ठेवा.